नोटिशीतले इंग्रजी : मधल्या पायरीवरच्या शब्दांचा एक पाठ

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे संपादक मंडळाने सुचवले तेव्हा त्यांची अपेक्षा इतिहासावरील लेखाची असावी. आमचा विषय इतिहासच, एम. ए. त्यातच झाले. परंतु निवासी शाळेतील शिक्षकाला एकाच विषयापुरते राहता येत नाही. गेली अनेक वर्षे संध्याकाळच्या अभ्यासिकेत आठवी ते दहावीच्या मुलामुलींकडून इंग्रजी शब्द करून घेण्याचे काम आमच्याकडे आहे. तेव्हा इतिहास आणि इंग्रजी या दोहोंना एकत्र बांधणारा एक पाठच येथे द्यावा, असे आम्ही ठरवले. माजी विद्यार्थ्यांना त्यात आपल्या जुन्या वह्या आठवतील. पालकांना आपल्या घरातले कागद आठवतील.

१. एका शब्दापाशी थांबलेली सही

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पालकभेटीचा रविवार होता. मुळशी खोऱ्यातल्या एका वाडीवरचे एक पालक आपल्या नववीतल्या मुलीला भेटायला आले होते. निघताना त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून घडी घातलेले कागद काढले आणि म्हणाले, "सर, एवढं वाचून सांगा. माणसं उद्या सहीला येणार आहेत."

कागद इंग्रजीत होते. जमिनीच्या व्यवहाराचे कुलमुखत्यारपत्र होते, एवढे आम्हांला कळले. मात्र शीर्षकात आणि पुढे तीन ठिकाणी एक शब्द होता, 'इर्रेव्होकेबल'. त्याचा नेमका अर्थ त्या क्षणी आम्हांला सांगता आला नाही. "काहीतरी कायद्याचा शब्द आहे," असे आम्ही म्हणालो. आज हे लिहिताना त्या उत्तराची लाज वाटते. शिक्षकाने असे म्हणणे म्हणजे पालकाला "करा सही" असे सांगण्यासारखेच असते.

मुलगी शेजारी उभी होती. ती म्हणाली, "सर, पुढचा तुकडा 'नाही' असं सांगतो, जसा 'इर्रेग्युलर'मध्ये. मधे 'रिव्होक' दिसतंय. शेवटी 'एबल' आहे." ती आत जाऊन शब्दकोश घेऊन आली. 'रिव्होक' म्हणजे दिलेला अधिकार परत घेणे. 'इर्रेव्होकेबल' म्हणजे परत घेता न येणारा. वडिलांनी एकच प्रश्न विचारला : "म्हणजे एकदा दिलं की मला नाही म्हणता येणार नाही?"

दुसऱ्या दिवशी सही झाली नाही. त्यांनी कागद पौडला एका वकिलांना दाखवले आणि काय करायचे ते पुढे सावकाश ठरवले. त्यांनी काय ठरवले हा त्यांचा खासगी प्रश्न आहे. जे केले ते समजून केले, एवढे आम्हांला पुरेसे आहे.

त्या संध्याकाळी आम्ही स्वतः शब्दकोश उघडून बसलो. 'व्होकारे' हे लॅटिन क्रियापद; अर्थ, हाक मारणे, बोलावणे. त्यापासून 'रिव्होक', म्हणजे परत बोलावणे. त्यापासूनच 'ॲडव्होकेट', म्हणजे आपल्या बाजूने बोलायला बोलावलेला, वकील. 'व्होकल' आणि 'व्हॉइस' त्याच कुळातले. आणि 'व्होकॅब्युलरी', म्हणजे शब्दसंग्रह, हाही त्याच कुळातला. भाषेचे अभ्यासक या मुळाचे नाते संस्कृत-पालीतील 'वाचा' या शब्दाशी जोडतात. रोजच्या वंदनेनंतर आपली मुले अष्टांगिक मार्ग म्हणताना 'सम्मा वाचा' उच्चारतात, ती हीच वाचा. शब्दसंग्रह, वकील आणि परत न घेता येणारी सही हे तिघे एका घरचे निघाले. आमच्या शिकवण्याची रीत त्या दिवसापासून बदलली.

२. मधली पायरी म्हणजे काय

इंग्रजी शब्दांच्या ढोबळमानाने तीन पायऱ्या मानाव्यात. पहिल्या पायरीवर पाणी, घर, जाणे, खाणे यांचे शब्द येतात. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले; त्यामुळे ही पायरी आता बहुतेक मुले चढतात. तिसऱ्या पायरीवर डॉक्टर, अभियंते, न्यायाधीश यांचे खास शब्द असतात. ज्याला त्या व्यवसायात जायचे तो ते शिकतो. या दोहोंच्या मध्ये काही हजार शब्दांची पायरी आहे. 'क्लेम', 'कन्सेन्ट', 'डिनाय', 'ऑब्टेन', 'रिटेन', 'ॲडिक्वेट', 'टर्मिनेट' हे शब्द तिथले. घरात ते बोलले जात नाहीत आणि कोणत्याही एका व्यवसायाचे नाहीत. पण नोटीस, करारनामा, नेमणुकीचे पत्र, बँकेचा अर्ज, विम्याचा कागद, महाविद्यालयाची नियमावली हे सगळे याच शब्दांनी भरलेले असते. संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार उच्च न्यायालयाचे आणि सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. माणसाचे हक्क बहुतेक वेळा याच मधल्या पायरीवर ठरतात, आणि नेमकी हीच पायरी आपली मुले पाठांतराने ओलांडू पाहतात.

पाठांतराचा तोटा आम्ही पाहिला आहे. 'कॉम्पेन्सेशन म्हणजे नुकसानभरपाई' हे मूल खडखडीत म्हणते. त्याच शब्दाचे वाक्य कर म्हटले की गप्प होते. शब्द वहीत असतो, वाचेत नसतो. म्हणून शब्द कुळाने शिकावा आणि ज्या ठिकाणी तो आपल्या माणसांना भेटला त्या ठिकाणासह शिकावा. मुळशीच्या मुलांसाठी असे ठिकाण दूर शोधावे लागत नाही.

३. मुळशी धरण : शब्दांची पहिली शाळा

टाटा कंपनीने मुळा-निळा नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधण्याचे ठरवले. खाली कोकणात भिरा येथे पाणी सोडून वीज करायची आणि ती मुंबईला पुरवायची, अशी ती योजना होती. त्यासाठी पन्नासहून अधिक गावांच्या जमिनी १८९४ च्या भूमिसंपादन कायद्याने घेतल्या जाऊ लागल्या. एप्रिल १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह सुरू झाला. तो १९२४ पर्यंत चालला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' हे नाव याच लढ्याने दिले. लढा यशस्वी झाला नाही. १९२७ पर्यंत धरण उभे राहून वीज सुरू झाली. एवढा इतिहास आपल्या मुलांना येतो. आता त्यातले शब्द पाहू.

ॲक्वायर : मिळवणे, सरकारने जमीन संपादन करणे. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ शोधणे, विचारणे, मागणे. त्याच कुळात 'रिक्वायर' (गरज असणे), 'इन्क्वायरी' (चौकशी) आणि 'क्वेश्चन' (प्रश्न) येतात. घेणारा 'ॲक्वायर' करतो, तर देणाऱ्याला 'क्वेश्चन' विचारता आला पाहिजे. १८९४ च्या मूळ कायद्यात जमीन घेण्यालाच हरकत नोंदवून ती ऐकली जाण्याची सोय नव्हती. ती १९२३ च्या दुरुस्तीने आली. तेव्हा मुळशीचा सत्याग्रह सुरू होऊन दोन वर्षे झाली होती.

ऑब्जेक्शन : हरकत. 'ऑब्जेक्ट' हा शब्द नाम म्हणून वस्तू दाखवतो, क्रियापद म्हणून हरकत घेणे दाखवतो. नाम असताना उच्चाराचा जोर पहिल्या अक्षरावर असतो, क्रियापद असताना दुसऱ्यावर.

टेनन्ट : कूळ, भाडेकरू. मूळ अर्थ धरून ठेवणारा. 'कन्टेन' (आत धरणे), 'रिटेन' (आपल्याजवळ ठेवणे), 'मेन्टेन' (सांभाळणे), 'सस्टेन' (टिकवणे), 'टेन्युअर' (पद किंवा जमीन धारण करण्याचा काळ) ही त्याची भावंडे. नांगर धरणारा कूळ आणि कागद धरणारा मालक वेगळे असले की अडचण सुरू होते. मुळशीत अनेक कसणारे सावकाराच्या कर्जात होते. जमिनीची नोंद ज्याच्या नावावर, मोबदल्यावर पहिला हात त्याचा. पुढे १९४८ चा मुंबई कूळवहिवाट कायदा आला आणि त्याच्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणाऱ्या कुळाला मालकीचा हक्क मिळण्याची वाट मोकळी झाली. त्या कायद्याच्या इंग्रजी नावात 'टेनन्सी' हा शब्द आहे.

कॉम्पेन्सेशन : भरपाई. मूळ अर्थ एका वजनाच्या समोर दुसरे वजन ठेवणे. 'पेन्शन' आणि 'एक्स्पेन्स' (खर्च) याच तराजूतले, कारण पूर्वी पैसे मोजण्याऐवजी तोलून दिले जात. हा तराजू मुलांना समजला की ती आपणहून विचारतात : एका पारड्यात भाताचे खाचर, देवराई, स्मशान आणि शेजार; दुसऱ्या पारड्यात काय ठेवले?

सोलेशियम : दिलासा रक्कम. जमीन सक्तीने घेतली म्हणून किमतीवर वर दिलेली रक्कम. शब्द अवघड वाटतो, पण स्पर्धेतले 'कन्सोलेशन प्राइझ', म्हणजे उत्तेजनार्थ बक्षीस, सर्वांना ठाऊक असते. 'कन्सोल' म्हणजे सांत्वन करणे. १८९४ च्या कायद्यात हा दिलासा बाजारभावाच्या १५ टक्के होता, १९८४ च्या दुरुस्तीने ३० टक्के झाला आणि २०१३ च्या कायद्याने १०० टक्के.

४. ओळखीचा चेहरा, अनोळखी अर्थ

मधल्या पायरीवर सर्वांत जास्त फसवतात ते ओळखीचे शब्द. अनोळखी शब्दापाशी माणूस थांबतो तरी. ओळखीच्या शब्दावरून तो निःशंक पुढे जातो. भूमिसंपादनाच्या कागदांतून पाच उदाहरणे देतो.

'इंटरेस्ट' : वर्गात अर्थ आवड, रुची. बँकेत अर्थ व्याज. नोटिशीत अर्थ हितसंबंध. कायद्यातील 'पर्सन इंटरेस्टेड' म्हणजे ज्याचा त्या मोबदल्यावर काही हक्क पोहोचतो असा माणूस. "ज्यांना आवड असेल त्यांनी हजर राहावे" असा अर्थ घेऊन कोणी घरी बसला, तर नुकसान त्याचे.

'अवॉर्ड' : शाळेत पुरस्कार. जिल्हाधिकाऱ्याच्या कागदावर निवाडा. जमिनीचे क्षेत्र, मोबदला आणि त्याची वाटणी ठरवणारा.

'टायटल' : पुस्तकाचे शीर्षक, जमिनीच्या बाबतीत मालकी हक्क.

'डीड' : कृत्य, जसे गोष्टीतले सत्कृत्य, कचेरीत दस्त.

'कन्सिडरेशन' : विचार, सहानुभूती, करारनाम्यात मोबदला. "आमचा विचार करतील" असे वाटून सही करणाऱ्याने ही ओळ दोनदा वाचावी.

उलट दिशेचाही एक प्रकार आहे. आपण मराठीत 'लाईट गेली' म्हणतो, तेव्हा आपल्याला वीज म्हणायची असते. इंग्रजीत 'लाईट' म्हणजे उजेड. 'टेन्शन' आपण काळजीला म्हणतो. इंग्रजीत त्याचा पहिला अर्थ ताण, दोरीला येतो तसा. मराठीत रुळलेला इंग्रजी शब्द इंग्रजी वाक्यात ठेवण्यापूर्वी शब्दकोशात एकदा पडताळून घ्यावा.

५. दोन कायद्यांची नावे

दरवर्षी दहावीच्या वर्गात आम्ही फळ्यावर दोन ओळी लिहितो. पहिली : 'लँड ॲक्विझिशन ॲक्ट, १८९४'. दुसरी : 'राइट टू फेअर कॉम्पेन्सेशन अँड ट्रान्स्परन्सी इन लँड ॲक्विझिशन, रिहॅबिलिटेशन अँड रिसेटलमेंट ॲक्ट, २०१३'. हा दुसरा कायदा १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला आणि त्याने पहिल्याची जागा घेतली. मग मुलांना सांगतो, पहिल्या नावात नसलेले शब्द शोधा.

'राइट' म्हणजे हक्क. 'फेअर' म्हणजे न्याय्य. गोरा हा त्याचा दुसरा अर्थ येथे नाही. 'ट्रान्स्परन्सी' म्हणजे पारदर्शकता. 'ट्रान्स' म्हणजे पलीकडे, जसे 'ट्रान्सफर', 'ट्रान्सपोर्ट', 'ट्रान्सलेट'. आणि पुढचा भाग 'अपिअर', म्हणजे दिसणे, याच्या कुळातला. पलीकडचे दिसते ते पारदर्शक. 'रिसेटलमेंट' म्हणजे दुसऱ्या जागी वसवणे. 'रिहॅबिलिटेशन' म्हणजे पुनर्वसन. त्यात 'एबल'चे मूळ आहे, म्हणजे माणसाला पुन्हा जगण्यास समर्थ करणे. घर बांधून दिले की पहिले होते. दुसऱ्यासाठी शेत, शाळा, पाणी आणि रोजगार लागतो.

दोन नावांच्या मध्ये ११९ वर्षे आहेत. या काळात किती धरणे झाली, किती माणसे उठली, किती मोर्चे निघाले! कायद्याच्या नावात शिरलेल्या प्रत्येक शब्दामागे कोणीतरी झगडलेले आहे. कायद्याची अंमलबजावणी किती होते हा वेगळा प्रश्न. पण जो शब्द वाचता येतो, त्याचा जाब विचारता येतो.

६. बाबासाहेबांची शब्दसाधना

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे इंग्रजी आपण अभिमानाने सांगतो. ते कसे घडले हे कमी सांगतो. सुभेदार रामजींनी मुलाकडून हॉवर्डची इंग्रजी वाचनमाला आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला करून घेतली. मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत अशी ही दुहेरी वाट होती. योग्य जागी योग्य शब्द बसवण्याची सवय तिथून लागली. पुढे जातिव्यवस्थेचे स्वरूप सांगण्यासाठी त्यांनी 'ग्रेडेड इनइक्वॅलिटी', म्हणजे श्रेणीबद्ध विषमता, हे शब्द वापरले. 'ग्रेड'चा मूळ अर्थ पायरी. 'ग्रॅज्युअल' (पायरीपायरीने), 'ग्रॅज्युएट' (पदवीची पायरी चढलेला), 'डिग्रेड' (पायरीवरून खाली ढकलणे) हे एकाच कुळातले. ज्या समाजाला शतकानुशतके 'डिग्रेड' केले गेले त्याची मुले 'ग्रॅज्युएट' होतात, तेव्हा दोन्ही शब्दांत तीच पायरी असते. पाय कोणत्या दिशेला पडतो एवढाच फरक.

संविधानाच्या उद्देशिकेतले शब्दही असेच पाहावेत. 'इक्वॅलिटी'च्या कुळात 'इक्वेशन' (समीकरण) आणि 'ॲडिक्वेट' (पुरेसा) आहेत. 'फ्रॅटर्निटी'चे मूळ भाऊ या अर्थाच्या शब्दात आहे. मराठीत आपण तिला बंधुता म्हणतो. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, तर बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली, असे बाबासाहेबांनी १९५४ साली आकाशवाणीवरील भाषणात स्पष्ट केले होते.

आणि एक गोष्ट माजी विद्यार्थ्यांनी अवश्य लक्षात ठेवावी. महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या बाबासाहेबांच्या समग्र इंग्रजी लेखनाचा सोळावा खंड पाली व्याकरण आणि पाली शब्दकोशाचा आहे. पाली शब्दांचे इंग्रजी, मराठी, गुजराती आणि हिंदी अर्थ मांडण्याचे ते काम आहे. परदेशी विद्यापीठांच्या पदव्या घेतलेला, देशाचे संविधान घडवणारा माणूस शब्दांच्या याद्या करीत बसला होता. शब्द शिकण्याचे वय संपते, असे मग कोणी म्हणू नये.

७. वही कशी ठेवावी

आमच्या अभ्यासिकेतील पद्धत साधी आहे. वहीच्या पानावर चार रकाने आखावेत : शब्द, कुळ, मराठी अर्थ, स्वतःचे वाक्य. वाक्य पुस्तकातले घेऊ नये. 'रिटेन'चे वाक्य एका मुलाने "माझ्या आजीने जमीन सोडली, पण गावाचे नाव रिटेन केले" अशा आशयाचे इंग्रजीत लिहिले होते. तो शब्द तो विसरणार नाही.

दिवसाला पाचच शब्द घ्यावेत. शाळेचे दोनशे दिवस धरले तरी वर्षाला हजार होतात, आठवी ते दहावी तीन हजार. शिकलेला शब्द दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा पाहावा. एका रात्रीत दहा वेळा घोकण्यापेक्षा हे टिकते. शब्द मोठ्याने उच्चारावा आणि त्याच्या सोबत येणारे शब्दही टिपावेत : 'क्लेम' दाखल करतात, 'कन्सेन्ट' देतात, 'ऑब्जेक्शन' घेतात.

इंग्रजी न येणाऱ्या पालकांनी आपण काही करू शकत नाही असे मानू नये. सुट्टीत मूल घरी आले की त्याची वही उघडून कोणत्याही शब्दावर बोट ठेवावे आणि विचारावे : "हा शब्द कुठल्या कागदात येतो? त्यानं आपलं काय होतं?" त्याचे उत्तर मुलाला मराठीत नीट देता आले, तर शब्द आला असे समजावे.

८. स्वाध्याय

पुढील शब्दांचे कुळ शोधा आणि प्रत्येकाचे स्वतःचे वाक्य करा : कन्सेन्ट (संमती), डिनाय (नाकारणे), एन्टायटल (हक्कदार करणे), ग्रीव्हन्स (गाऱ्हाणे), पिटिशन (विनंतीअर्ज, याचिका), डिस्प्लेस (विस्थापित करणे), सबमर्ज (बुडवणे), व्हॅलिड (ग्राह्य), वेव्ह (हक्क सोडून देणे), टर्मिनेट (संपवणे). दोन सूचना : 'टायटल' कोणत्या शब्दात लपले आहे ते पाहा; आणि 'टर्मिनेट'चे नातेवाईक मुंबईच्या रेल्वे स्थानकाच्या नावात व शाळेच्या सहामाहीत शोधा.

हा शेवटचा शब्द आम्ही जाणूनबुजून घेतला आहे. आपल्याच तालुक्यातल्या हिंजवडीत आपले काही माजी विद्यार्थी काचेच्या इमारतीत संगणकापुढे बसतात, काही त्याच इमारतीच्या फाटकावर उभे असतात. दोघांच्याही नेमणुकीच्या पत्रात 'टर्मिनेट' हा शब्द असतो आणि त्यापुढे किती दिवसांची पूर्वसूचना ते लिहिलेले असते. दोघांनीही ती ओळ वाचलेली असावी, अशी आमची इच्छा आहे.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती करून हा पाठ संपवतो. नोकरीत, बँकेत, कचेरीत, रुग्णालयात ज्या इंग्रजी शब्दापाशी आपण पहिल्यांदा अडलात, तो शब्द आणि तो प्रसंग आम्हांला लिहून पाठवावा. नाव कळवले नाही तरी चालेल. आम्ही ते शब्द अभ्यासिकेच्या फळ्यावर लिहू. आपण जिथे अडखळलात तिथे आपल्या मागून येणाऱ्या मुलांनी अडखळू नये.